दंड, सूट आणि तडजोड : वाहतूक-दंडाच्या थकबाकीविषयक सवलतींचे परीक्षण (जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

मराठेशाहीतील निवाडपत्रे वाचणाऱ्यास ‘गुन्हेगारी’ हा शब्द आजच्या अर्थाने घेऊन चालत नाही. वाद हरलेल्या पक्षाने सरकारात भरावयाची रक्कम ती गुन्हेगारी, आणि वाद जिंकलेल्याने द्यावयाची ती हरकी. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या अभ्यासकांस ही जोडी परिचित आहे. दोन्ही बाजूंकडून पैसा घेणाऱ्या त्या व्यवस्थेस आजच्या कल्पनेने आदर्श म्हणता येणार नाही. परंतु तीत एक क्रम होता. प्रथम वाद, मग निवाडा, आणि निवाड्यानंतर रक्कम. निवाडा झाल्यावाचून हरकीही नाही आणि गुन्हेगारीही नाही. वाहतुकीच्या थकलेल्या दंडावर आज ज्या सवलती जाहीर होतात त्यांचे परीक्षण करताना हा क्रम ध्यानी ठेवणे अवश्य आहे. कारण ह्या सवलतींविषयीचा आमचा मुख्य आक्षेप त्यांच्या औदार्यावर नाही, तर त्या क्रमाच्या लोपावर आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठीत ‘चलन’ म्हणजे सरकारी खजिन्यात वा बँकेत रक्कम भरताना सोबत द्यावयाचा कागद. उर्दूच्या पोलिस-दप्तरात मात्र ‘चालान’ म्हणजे आरोपीस न्यायाधीशापुढे पाठविताना सादर करावयाचे दोषारोपाचे पत्र. मराठवाड्याच्या जुन्या दप्तरावर उर्दूचा पगडा असल्याने येथील वृद्ध वकिलांच्या कानांस हा दुसरा अर्थ अजून परका वाटत नाही. आजच्या ‘ई-चलाना’त हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. वस्तुतः तो आरोप आहे. दिसतो मात्र पैसे भरण्याचा कागद. वाहनमालकाच्या मोबाइलवर संदेश येतो, त्यात वाहनाचा क्रमांक असतो आणि रक्कम असते. आरोपास उत्तर द्यावयाचे असते, भरण्याच्या कागदास उत्तर नसते. तो भरावयाचा किंवा ठेवून द्यावयाचा. बहुसंख्य लोक तो ठेवून देतात, ह्यात त्यांचा बेजबाबदारपणा आहेच. पण कागदाच्या स्वरूपाचाही त्यात वाटा आहे.

महाराष्ट्रात ही पद्धती प्रथम मुंबईत २०१६ साली आली व २०१९ मध्ये तिचा विस्तार राज्यभर झाला. तत्पूर्वी रस्त्यावरचा शिपाई वाहन थांबवी, चालकास समोर उभा करी, आणि पावती फाडी. त्या व्यवहारात अरेरावी होती, लाचही होती. परंतु आरोप करणारा आणि आरोप ऐकणारा समोरासमोर असत. ‘मी नव्हतो’, ‘सिग्नल बंद होता’, ‘रुग्णास घेऊन चाललो होतो’ असे काही तरी बोलण्यास तेथे वाव असे. कॅमेऱ्याने लाचेचा प्रश्न बराच सोडविला हे निःसंशय. पण कॅमेरा माणसास ओळखीत नाही, नंबरप्लेटला ओळखतो. दंड चालकाचा, कागद मालकाचा. आणि गाडी विकूनही नाव चढविले गेले नसेल तर कागद जुन्या मालकाचा व गाडी तिसऱ्याचीच. मोबाइल क्रमांक बदललेला असेल तर संदेश कोणाच्या हाती पडला हेही सांगवत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम घालण्यात आला. विद्युत्-उपकरणांनी केलेल्या नोंदीवरून गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत धाडावी, तीत स्थळ, दिनांक, वेळ व छायाचित्ररूप पुरावा असावा, अशी अट त्यात घातली होती. ही उपकरणे प्राधान्याने कोठे बसवावीत हे सांगण्यासाठी १३२ शहरांची यादी जोडली होती. तीत महाराष्ट्रातील १९ शहरे होती, आणि त्यांत जालना होते. जालन्याचा समावेश पाहून वाचकास आश्चर्य वाटेल. परंतु ही यादी मुळात वाहतुकीची नव्हे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमासाठी जी शहरे निवडली गेली, तीच येथे उचललेली दिसतात. पोलादाच्या कारखान्यांच्या धुरामुळे जालना एका यादीत आले आणि त्या यादीच्या वाटेने ते दुसऱ्या यादीत जाऊन बसले. शासकीय याद्यांचे असे पुनर्जन्म होतात. तरीही परिणामी ही निवड अगदीच अस्थानी म्हणता येत नाही. भंगार आणणारे व सळया नेणारे ट्रक, बियाण्यांच्या कंपन्यांची ने-आण, हंगामात अंबड-घनसावंगीकडून येणारे मोसंबीचे टेम्पो, आणि डिसेंबर २०२२ पासून जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग, ह्या सर्वांमुळे १९८१ साली औरंगाबादेतून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याचे जीवन चाकांवर फिरते, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय येथील मालवाहू वाहने मुंबई, नागपूर, हैदराबाद गाठतात. एमएच २१ ह्या अक्षरांच्या वाहनावर दंड कोठेही लागो, थकबाकी जालन्याच्या दारी येऊन उभी राहते.

आता ही थकबाकी म्हणजे काय हे पाहावयाचे. रक्कम एकच दिसते म्हणून ती एकजिनसी आहे असे समजण्यात पहिली चूक आहे. तिच्यात निदान तीन अगदी भिन्न प्रकारच्या थकबाक्या मिसळलेल्या असतात. एक, जो दंड मुळात लागावयासच नको होता तो : दुसऱ्याच्या नंबरप्लेटचा, विकलेल्या गाडीचा, अस्पष्ट छायाचित्राचा, एकाच फेरीत एकाच कृत्यासाठी दोनदा लागलेला. दुसरा, जो योग्य रीतीने लागला पण देणाऱ्याची ऐपत नाही तो. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावाचून वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेला, कलम १७७ खालचा सर्वसाधारण दंड १०० वरून ५०० वर नेला, आणि प्रतिवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभाही ठेवली. महाराष्ट्राने लोकांच्या नाराजीमुळे ही वाढ दोन वर्षे लांबविली व डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित दर लागू केले. रोजच्या भाड्यावर टेम्पो चालविणाऱ्याच्या नावे असे चार-पाच कागद साचले म्हणजे ती रक्कम त्याच्या महिन्याच्या मिळकतीस गिळू लागते. तिसरा प्रकार निव्वळ बेदरकारीचा : ऐपत आहे, गुन्हा मान्य आहे, पण भरावयाचे नाही, कारण न भरल्याने काही बिघडत नाही असा अनुभव आहे.

पहिल्यास निर्दोष ठरविले पाहिजे, दुसऱ्यास मुदत वा अन्य मार्ग दिला पाहिजे, तिसऱ्याकडून पूर्ण वसुली केली पाहिजे. सरसकट निम्म्याने सूट देणारी योजना तिघांसही एकच उत्तर देते, आणि तिघांच्याही बाबतीत ते चुकते. निर्दोष मनुष्य न केलेल्या गुन्ह्याचे निम्मे पैसे भरतो. परवान्यावाचून वाहन चालविल्याचे दोन कागद नावे असलेल्या गरीब चालकास दहा हजारांऐवजी पाच हजार एकरकमी भरावे लागतात. एकरकमी पाच हजार त्याच्यापाशी असते तर तो थकलाच नसता. आणि ज्याच्या वीस ट्रकांवर पाच लाखांचा दंड आहे त्यास अडीच लाखांचा निव्वळ लाभ होतो. सवलत जितकी मोठी, तितका तिचा मोठा वाटा तिसऱ्याकडे जातो. हे साधे अंकगणित आहे. त्यास सिद्धांताची गरज नाही.

ह्या सवलतींस महाराष्ट्रात जे रूप येते ते बहुधा लोकअदालतीचे असते. २०२१ पासून प्रलंबित ई-चलाने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून राष्ट्रीय लोकअदालतीपुढे ठेवण्याचा प्रघात वाढला. वर्षातून साधारण चार वेळा जिल्हा व तालुका न्यायालयांत ती भरते. जालनाही त्यास अपवाद नाही. येथे ‘तडजोड’ हा शब्द पुढे येतो, आणि आमच्या मते ह्या सर्व विषयाचा मर्मबिंदू तोच आहे.

लोकअदालत ही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखालील संस्था. तिने न्याय, समदृष्टी व प्रामाणिक व्यवहार ह्या तत्त्वांस अनुसरावे असे कलम २० सांगते; तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासमान मानावा व त्यावर अपील नसावे असे कलम २१ सांगते. अपील का नाही? उभयपक्षांनी स्वखुशीने जे मान्य केले त्यावर तक्रार कसली, हे त्यामागचे तत्त्व. म्हणूनच पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग ह्या २००८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लोकअदालतीस न्यायनिर्णय करण्याचा अधिकारच नाही. तिचे कार्य समेट घडविण्याचे आहे. समेटासाठी दोन पक्ष हवेत व दोघांनाही मागेपुढे सरकण्यास जागा हवी. जमिनीच्या बांधाचा वाद, अपघाताच्या भरपाईचा वाद, बँकेच्या कर्जाचा वाद ह्यांत ती असते, आणि अशा वादांत लोकअदालतीने केलेले काम कोणाही निःपक्षपाती माणसाने वाखाणावे असेच आहे. पण ई-चलानाच्या बाबतीत तडजोड कोण कोणाशी करतो? समोर बसलेल्या पोलिस कर्मचाऱ्यास ना गुन्हा घडल्याची प्रत्यक्ष माहिती, ना रक्कम ठरविण्याचा अधिकार. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०० अन्वये गुन्हा आपसात मिटविण्याची रक्कम राज्य शासनाने अधिसूचनेने ठरवावयाची असते. तेव्हा रक्कम कमी होणारच असेल तर ती वरून आलेल्या आदेशाने कमी होणार. मंडपातील संभाषणाने नव्हे. वाहनमालकापुढे पर्याय दोनच : भरा, किंवा परत जा. ह्यास तडजोड म्हणणे म्हणजे बाजारात भावाची पाटी वाचून पैसे दिल्यास घासाघीस म्हणणे होय.

शब्दाचा हा दुरुपयोग केवळ शैलीचा दोष असता तर त्यावर इतका वेळ घालविण्याचे कारण नव्हते. त्याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. तडजोड झाली म्हणजे अपील संपले. ज्याच्या गाडीवर दुसऱ्याचा दंड पडला आहे असा मनुष्य कटकट मिटावी म्हणून निम्मी रक्कम भरतो, आणि भरताक्षणी त्याचा निर्दोषपणा सिद्ध करण्याचा मार्ग कायद्याने बंद होतो. वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार नोंदविण्याची सोय आहे हे खरे. परंतु ज्या खात्याने आरोप केला त्याच खात्याने तक्रार पाहावयाची, आणि सवलतीची तारीख मात्र तक्रारीच्या निकालासाठी थांबत नाही. अशा स्थितीत तक्रार करणे हे शहाणपणाचे ठरत नाही. आणि प्रामाणिक माणसास तक्रार न करणे शहाणपणाचे वाटावे, अशी रचना न्यायाच्या नावाखाली उभी राहते.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ज्या गुन्ह्यास केवळ दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ सांगत असे. जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ५१४ अन्वये तीच मर्यादा कायम आहे. विलंबाचे समाधानकारक कारण दाखविल्यास वा न्यायासाठी आवश्यक असल्यास न्यायालय ती शिथिल करू शकते. पण लक्षावधी कागदांबाबत असे कारण कोण कसे दाखविणार? ह्याचा अर्थ असा की, जुन्या थकबाकीतील पुष्कळसा भाग, खटला वेळेवर दाखल न झाल्याने, न्यायालयामार्फत वसूल होण्याची शक्यताच क्षीण झालेली असते. अशा रकमेवर ‘सूट’ देणे म्हणजे बुडीत येण्यावर उदारपणा दाखविणे. सावकारही बुडीत खत निम्म्या किमतीत काढून टाकतो, पण तो त्यास दया म्हणत नाही. शासनाच्या आवाहनांत मात्र ही रक्कम कायद्याने कितपत वसूलयोग्य आहे ह्याविषयी अवाक्षर आढळत नाही. नागरिकास पूर्ण माहिती न देता मिळविलेली संमती स्वखुशीची मानावी काय, हा प्रश्न विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य तपासावा.

सवलतींच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो व्यवहाराचा आहे : काहीच न मिळण्यापेक्षा काही मिळाले हे बरे, आणि दप्तरही मोकळे होते. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींना ७५ टक्के व मोटारींना ५० टक्के सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी सूट दिली आणि थोड्या दिवसांतच शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले. रांगा लागल्या, यंत्रणा तुंबल्या, वृत्तपत्रांनी यशाच्या वार्ता दिल्या. पण तेलंगणाची पुढची हकीकत अधिक बोधक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पुरी दोन वर्षेही लोटली नाहीत तोच, त्या राज्यास पुन्हा सवलत द्यावी लागली. आणि ह्या खेपेस दुचाकींसाठी ती ८० टक्के झाली. दप्तर मोकळे झाले होते ते पुन्हा भरले, आणि सुटीचा दर चढला. करमाफीच्या संदर्भात ॲल्म, मकी व बेक ह्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले होते : माफीनंतर तपासणी व शिक्षा कडक केली तरच लोक नियमाने भरू लागतात, नुसती माफी मिळाली, आणि पुढेही मिळेल अशी अपेक्षा निर्माण झाली, तर भरणे कमी होते. ज्या राज्यात लोकअदालत वर्षातून चार वेळा ठरल्या दिवशी भरते तेथे तर ही अपेक्षा पंचांगात छापल्यासारखीच आहे.

माफीस दिनदर्शिकेची जोड देणे ही काही नवी कल्पना नव्हे. राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी व पौर्णिमेस बालक, वृद्ध, रोगी व अनाथ बंदिजनांना सोडावे असे कौटिल्य सांगतो. नवा देश जिंकल्यावर, युवराजाच्या अभिषेकास वा पुत्रजन्माच्या प्रसंगीही बंधमोक्ष विहित आहे. परंतु नित्याच्या मोक्षास त्याने पात्रता लावली आहे, आणि दिवस केवळ निमित्त आहे. आमच्या योजनांत दिवस हीच पात्रता झाली आहे.

ह्याउलट मराठवाड्याच्या शेतकऱ्यास दुसऱ्या एका सुटीची चांगली ओळख आहे. जमीन महसुलातील सूट आणि तहकुबी हे दोन शब्द येथे दुष्काळाइतकेच जुने आहेत. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे, सूट म्हणजे सोडून देणे. दोहोंचा भेद पिढ्यान्‌पिढ्या स्पष्ट राहिला. आणि दोहोंस आधार पिकाचा : पूर्वी आणेवारी, नंतर पैसेवारी. गावची पैसेवारी पन्नास पैशांहून खाली गेली की सवलतींचा हक्क उत्पन्न होतो. पैसेवारी लावण्यात गडबडी होतात, त्यावर मोर्चे निघतात, हे जालन्याच्या वाचकास सांगावयास नको. तरीही सूट का मिळाली ह्याचे उत्तर तेथे देता येते : पीक बुडाले म्हणून. वाहतूक-दंडाच्या सुटीविषयी तोच प्रश्न विचारला तर उत्तर येते : शनिवार होता म्हणून.

कर्जमाफीशी तुलना अधिकच उद्‌बोधक आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली तेव्हा नियमित फेड करणाऱ्यांनी विचारले, आम्ही काय पाप केले? शासनास त्यांच्यासाठी २५ हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेच्या वेळी ती ५० हजारांपर्यंत गेली. ह्या योजनांवर टीका करण्यास पुष्कळ जागा आहे, पण वेळेवर देणारा मनुष्य डोळ्यांसमोर असल्याची साक्ष त्यांत आहे. वाहतूक-दंडाच्या सवलतीत तो मनुष्यच नाहीसा झाला आहे. जाफराबादच्या एखाद्या शिक्षकाने हेल्मेट नसल्याचा दंड त्याच आठवड्यात पूर्ण भरला. शेजाऱ्याने तीन वर्षे ठेवून निम्मा भरला. पहिल्यास उरलेले निम्मे परत मिळावयाचे नाही, आणि त्यास तसे विचारण्यासाठी खिडकीही नाही. दंडाची रक्कम लहान असते, म्हणून ही विषमता लहान भासते. वस्तुतः कायद्याशी सामान्य नागरिकाची गाठ बहुधा आयुष्यात येथेच पडते. खुनाच्या खटल्यात नव्हे.

मग सवलत नकोच काय? आमचे म्हणणे तसे नाही. दुसऱ्या प्रकारच्या थकबाकीदारास, ज्याची ऐपत नाही त्यास, मार्ग पाहिजेच. आणि तो शोधण्यासाठी नवा कायदा करावयास नको. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये जे परंतुक घातले त्यात गुन्हा मिटविताना चालकास समाजसेवेचे काम नेमून देण्याची तरतूद आहे. घाटी रस्त्यांवरील फलकांची रंगरंगोटी, आठवडी बाजारातील वाहतुकीचे नियमन, शाळेसमोर सकाळचे दोन तास उभे राहणे, अशी कामे नेमून देण्याची वाट ह्या तरतुदीने दाखविली आहे. तिचा उपयोग सवलतींच्या आवाहनांत होताना दिसत नाही, कारण त्याने तिजोरीत रोख भर पडत नाही. ह्यावरून सवलतीचा हेतू वसुलीचा आहे, सुधारणेचा नाही, असा निष्कर्ष कोणी काढल्यास त्यास दोष देता येणार नाही. हप्त्यांची सोय ही तर तहकुबीचीच पुनरावृत्ती होय, आणि तिची रीत तहसील कचेरीस शिकवावी लागणार नाही.

पहिल्या प्रकारासाठी क्रम उलटा करावा लागेल. सवलतीची तारीख जाहीर करण्यापूर्वी हरकतींची तारीख जाहीर व्हावी. जिल्हा न्यायालयातील त्या दिवसाच्या मंडपात एक मेज केवळ ‘दंड अमान्य’ म्हणणाऱ्यांचे असावे. तेथे छायाचित्र दाखवावे, नंबरप्लेट तपासावी, आणि चूक दिसल्यास कागद रद्द करण्याचा अधिकार असलेला अधिकारी तेथेच बसावा. ह्या मेजावर लोकअदालतीचे पंच नकोत, कारण त्यांस निर्णयाचा अधिकार नाही. तेथे दंडाधिकारी हवा. आवाहनाच्या मराठी मजकुरात ‘तडजोड’ ऐवजी ‘सवलतीच्या दराने भरणा’ असे लिहावे, आणि त्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, तीन वाक्ये असावीत : भरणा केल्यावर अपील करता येणार नाही, हरकत असल्यास ती अमुक तारखेपर्यंत नोंदवावी, सहा महिन्यांपूर्वीच्या ज्या प्रकरणांत खटला दाखल झालेला नाही त्यांची यादी अमुक ठिकाणी पाहावयास मिळेल. तिसऱ्या वाक्यास खात्याचा विरोध होईल हे उघड आहे. ते वाक्य छापले गेल्यावर निम्म्या दराने भरण्यास किती लोक रांगेत उभे राहतात, ह्याची नोंद घेतली जावी. ‘तडजोड’ ह्या शब्दात किती संमती होती व किती अज्ञान, हे त्या नोंदीवरून जितके कळेल तितके अन्य कोणत्याही मार्गाने कळणार नाही.